आखाड्यावरची मांजरं: खायला घातलं की उंदीर धरत नाहीत का?



मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या थप्पीवर बसलेल्या मांजराचा फोटो टाकला होता. पिकाच्या फोटोला येत नाहीत एवढे प्रश्न त्याला आले. त्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं एकच होतं, "मांजराला आयतं खायला घालू नका, मग ते उंदीर धरत नाही." हे मी लहानपणापासून ऐकतोय. आमच्या आजोबांचंही हेच मत होतं. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून तीन वर्षांच्या नोंदी मांडतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण ज्यांच्याकडं धान्य साठवलेलं आहे, शेळ्या आहेत, किंवा बांधाला लागून ऊस आहे, त्यांनी औषधाचा भाग तरी वाचाच.

आमचं शेत लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीच्या खोऱ्यात. पाहुणे गमतीनं म्हणतात, नदीचंच नाव मांजरा, मग तुमच्याकडं मांजरं असायचीच. आखाडा गावापासून दोन किलोमीटरवर आहे. पत्र्याचं शेड, त्यात सोयाबीन आणि तुरीचे कट्टे, शेजारी गोठा, पाच शेळ्या, आणि मागं आईची परसबाग. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर, दोन पपया, एक कढीपत्ता. पलीकडं बांधाला लागून तात्यांचा ऊस. ऊस तुटला की त्यातले उंदीर कुठं जातात, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

काढणी झाली की लगेच विकायचं नाही, भाव बघून विकायचं, असं ठरवलं की थप्पी चार-पाच महिने शेडमध्ये राहते. उंदीर खातो थोडं आणि नासवतो जास्त. कट्टा खालून फोडतो, दाणे सांडतात, लेंड्या आणि मुताचा वास मालात बसतो. व्यापारी मूठभर दाणे नाकाशी नेतो आणि भाव पाडतो. ठिबकच्या नळ्या कुरतडतो ते वेगळंच. पण आमच्या घरात खरी भीती वेगळी होती. उंदीर तिथं साप. आई आखाड्यावरच झोपते. रात्रपाळीची लाईट आली की मी बॅटरी घेऊन मोटारीकडं जातो, तेव्हा मागं शेडमध्ये खुडबुड चालू असते, आणि त्या खुडबुडीच्या वासावर आणखी कोण येणार, हाच विचार डोक्यात असतो.

पहिली आली ती काळी. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आसपास. आमच्याकडं नको असलेली मांजरं पोत्यात घालून लांब शेताकडं आणून सोडतात. वाट दिसली तर मांजर परत येतं म्हणून पोतं. तशीच कुणीतरी सोडली असावी. सुरुवातीला फक्त दिवेलागणीला दिसायची, पपईच्या बुंध्याआड. आपण मान वळवली की पळालीच. आईनं भाकरीचा तुकडा टाकला, तो कुत्र्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईनं वाटी हौदामागं, कुत्र्याला शिरता येणार नाही अशा सापटीत ठेवली. सकाळी वाटी चाटून पुसून स्वच्छ.

मग मी वहीत अंतर लिहायला लागलो. वांग्याच्या ओळी मोजून लिहायचो, म्हणून आकडा पक्का आहे. पहिल्या आठवड्यात आईपासून आठ ओळी लांब बसायची. पंधराव्या दिवशी चार ओळी. महिन्यानं एक ओळ. संक्रांतीच्या सुमाराला पहिल्यांदा आईच्या लुगड्याला पाठ घासून गेली. आई नुसती बसून राहिली, हात लावला नाही.

या सगळ्यात आईनं काय केलं ते लिहितो, कारण रानातलं मांजर जवळ करायचं असेल तर हेच करावं लागतं. रोज वेळ तीच, वाटी तीच, माणूस तेच, आणि हाकही तीच. उभं न राहता खाली बसायचं. मांजराकडं टक लावून बघायचं नाही, त्याला ती धमकी वाटते. मेथी निवडत बसायचं आणि त्याला त्याचं करू द्यायचं. डोक्यावरून हात न्यायचा नाही, बोटं खाली धरायची आणि त्याला आधी वास घेऊ द्यायचा. मांजर आपल्याकडं बघून सावकाश डोळे मिटायला लागलं की समजायचं, त्याला आता आपली भीती नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण ढोंगी माणसाला म्हणतो. माझ्या बघण्यात तरी डोळे मिटलेलं मांजर निर्धास्त असतं.

आता मूळ प्रश्न. खायला घातलं की मांजर उंदीर धरणं सोडतं का?

मांजराची शिकार फक्त भुकेवर चालत नाही. काहीतरी खुडबुडलं, सरपटलं, पळालं की त्याचं अंग आपोआप दबा धरतं. पोट भरलेलं मांजर उंदीर धरतं, मारतं आणि कधी कधी न खाता टाकून देतं, हे तुम्हीही बघितलं असेल. काळी वाटीतलं खात असताना भुसकटात आवाज झाला की वाटी सोडून जायची. उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं हा आपला हिशेब बैलाला उपाशी ठेवून जास्त नांगरट काढण्यासारखा आहे. उपाशी मांजर दुसरीकडं निघून जातं. गावात, हॉटेलामागं, जिथं मिळेल तिथं.

यावर जुना अभ्यासही आहे. इंग्लंडमधले पर्यावरणशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतावरच्या मांजरांचं काम बघून १९५३ साली ते प्रसिद्ध केलं. त्याचा सार असा: जिथं उंदीर आधीच माजलेले होते, तिथं नुसती मांजरं सोडून ते संपले नाहीत. पण जिथं आधी उंदीर साफ केले, मग मांजरं ठेवली, आणि ती तिथंच राहावीत म्हणून त्यांना दूध घातलं, तिथं उंदीर पुन्हा वस्तीला आले नाहीत. तेही फक्त गोठा-कोठाराच्या आसपास. लांबच्या शेतात मांजराचा उपयोग नाही.

उलट बाजूही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये कचऱ्याच्या एका कारखान्यात उंदरांवर आणि भटक्या मांजरांवर कॅमेरे लावून ७९ दिवस लक्ष ठेवलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. एवढ्या दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन. उंदीर मात्र मांजराच्या भीतीनं जास्त लपून राहायला लागले. म्हणजे जुन्या, माजलेल्या वसाहतीपुढं मांजराचं काही चालत नाही, हे तिथंही दिसलं. आपल्याकडची घूस आठवा. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला आमचं एकही मांजर जात नाही. लहान उंदीर, पिल्लं, चिचुंद्री, एवढ्यावरच त्यांचा जोर.

यातून माझं मत असं झालं की मांजर ही फवारणी नाही, राखण आहे. राखणदाराला जागेवर ठेवायचं तर त्याची भाकर द्यावी लागते. आपण सालगड्याला उपाशी ठेवून राखणीला बसवतो का?

तसं बघितलं तर माणसाची आणि मांजराची ओळखच धान्यावरून झाली. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलं होतं. शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागं मांजर आलं. त्याला कुणी पकडून आणलं नव्हतं. आमची काळी आली तशीच ती त्या काळात आली असतील.

आता व्यवहाराच्या गोष्टी.

खायला काय. मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर आहे. दूध-भाकरीवर ते जगतं, पण तब्येत धरत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. आम्ही भाकरी अगदी थोडी कुस्करतो आणि त्यात उकडलेलं अंडं किंवा मासा घालतो. आठवडी बाजारात धरणातल्या रोहू-कटल्याची मुंडकी मासेवाला स्वस्तात देतो. ती उकडून काटे काढायचे. सुकट असेल तर दोन पाण्यांतून धुवायची, मीठ जातं. कांदा-लसूण असलेलं कालवण घालायचं नाही, मांजराच्या रक्ताला ते बाधतं. पाणी मात्र बारा महिने भरलेलं पाहिजे.

किती आणि कधी. सकाळी धार काढल्यावर आणि संध्याकाळी उजेड असताना. अर्ध्या तासात जेवढं संपेल तेवढंच. उरलेलं उचलायचं. हे फार महत्त्वाचं आहे. रात्रभर वाटीत अन्न राहिलं तर आपण मांजराला नाही, उंदराला आणि घुशीला जेवायला घालतो.

थप्पी. कट्टे लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट लांब. ओल लागू नये म्हणून हे आपल्याला सांगतातच, पण त्याचा दुसरा फायदा असा की थप्पीमागं मांजराला फिरायला वाट राहते. भिंतीला चिकटवलेल्या थप्पीमागं फक्त उंदीर जातो.

परसबाग. नवीन केलेला भुसभुशीत वाफा मांजराला विधीसाठीच केलाय असं वाटतं. आईची कोथिंबीर दोनदा उकरली गेली. आईनं शिव्या घातल्या, पण वाटी बंद केली नाही. आता पेरल्यावर वाफ्यावर तुराट्या आडव्या-उभ्या अंथरतो, बोटभर उगवण दिसली की काढतो. आणि कुंपणाच्या कडेला कोरड्या मातीचा एक ढीग त्यांच्यासाठीच ठेवलाय. दोन दिवसांत कळलं त्यांना.

शेळ्या. हे शेळीवाल्यांनी नीट वाचा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडण्याचं ते एक कारण आहे. म्हणून पेंड आणि कडबाकुट्टी झाकलेली पाहिजे, गव्हाणीत आणि भुसकटाच्या ढिगावर मांजर घाण करणार नाही असं बघायचं. विष्ठा रोजच्या रोज खोल पुरायची. ताज्या विष्ठेतून लगेच लागण होत नाही, एखादा दिवस तरी जावा लागतो, म्हणून रोज उचललं की धोका बराच कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करायचं नाही. भाजी धुऊनच खायची.

औषधं. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. गोचिडांसाठी जनावरांना लावतो ती औषधंही मांजराला लावायची नाहीत, पायरेथ्रॉइड गटातली औषधं, विशेषतः परमेथ्रिन, त्यांना पचत नाहीत.

पाखरं. मांजर उंदरापुरतं थांबत नाही. सरडे, पाली, जमिनीवर टिपणारी पाखरं, सगळ्यांवर झडप घालतं. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो, त्यावर कोतवाल बसतो, तो आपल्याच कामाचा. म्हणून पाखरांचं पाणी जमिनीवर न ठेवता उंच टांगलंय, आणि मांजरांना आखाड्यापुरतंच खायला घालतो, शेतात लांब कुठं वाट्या ठेवत नाही. मांजरं वाढू न देणं हाही याचाच भाग आहे, त्यावर पुढं लिहितो.

आता काळीचं काय झालं ते.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात ती तुराट्यांच्या गंजीखाली व्याली. तीन पिल्लं. पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसाचा हात लागला तर आयुष्यभर माणसाळतात, नंतर अवघड. आमची लेक शाळेतून आली की तिथंच बसायची. काळीनं तिला पिल्लांना हात लावू दिला, पण स्वतःला कधी उचलू दिलं नाही. शेवटपर्यंत नाही.

त्याच महिन्यात तात्यांचा ऊस तुटला. उंदीर सैरावैरा झाले. तात्यांच्या कोठीत हरभरा होता, बियाणं होतं. त्यांनी ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणून कोठीत आणि बांधावर टाकल्या. दुकानात मिळतं, सगळे वापरतात, त्यांचंही नुकसान होत होतं. त्यात वावगं काही नाही.

पण हे औषध कसं काम करतं ते बघा. वडीत औषध असतं ०.००५ टक्के. उंदीर खातो आणि लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मधल्या दिवसांत तो चालतो, पण सुस्त होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो. मांजराला यापेक्षा सोपी शिकार कोणती? आणि पिल्लं असलेली भाटी जास्त शिकार करते. काळी त्या आठवड्यात रोज उंदीर आणायची. औषध उंदराच्या काळजात साठतं, असे चार-सहा उंदीर पोटात गेले की मांजरातही साठतं.

सातव्या दिवशी सकाळी ती हौदामागं बसलेली होती. वाटीकडं आली नाही. आई जवळ गेली तरी उठली नाही. हिरड्या पांढऱ्याफटक आणि नाकाशी रक्ताचा थेंब. आईनं तिला पहिल्यांदा उचललं ते त्या दिवशी. मी गाडीवर घालून तालुक्याला नेलं. या विषाला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, वेळेत मिळाला तर जनावर वाचतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले फार रक्त गेलंय. संध्याकाळी शेडमध्ये कट्ट्यावर ती गेली. तिला पपईखाली पुरलं. पिल्लं पाच आठवड्यांची होती.

तात्यांना कळालं तसे ते दुसऱ्या दिवशी आले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी उंदरांना टाकलं होतं रे. तिच्यापर्यंत जाईल असं वाटलं नाही." मी म्हणलं, "तात्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय." काकूंच्या मनाला मात्र ते लागलं होतं. मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. काकू आईला म्हणाल्या, "सोन्याचं मांजर मी कुठून आणू माय?" आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पदराखाली गावरान कोंबडीची दोन अंडी घेऊन यायला लागल्या. दीड महिना एक दिवस चुकला नाही. लेक अंडी उकडून, कुस्करून, पाण्यात कालवून पिल्लांना भरवायची. तिन्ही पिल्लं जगली, ती त्या अंड्यांवर.

त्यानंतर मी आणि तात्यांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. उंदरांचा बंदोबस्त तर करायचाच होता, एल्टनचंही म्हणणं तेच, आधी साफ करा. ते या पद्धतीनं करतो:

१. शेडमध्ये आणि कोठीत विष नाही. फक्त पिंजरे. शेंगदाणा नाहीतर भज्याचा तुकडा लावायचा आणि पिंजऱ्याची जागा बदलत राहायची.

२. बांधावर आणि शेतात आधी सगळी बिळं संध्याकाळी मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. फक्त त्यांच्यावर काम.

३. दोन दिवस त्या बिळांत नुसता भरडा आणि तेल. उंदीर हुशार, नवीन वस्तू चाखून बघतो आणि शंका आली की सोडून देतो. सवय लागली की तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरडा, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाइड. हातमोजे घालून, काठीनं कालवायचं. साधारण १० ग्रॅमची पुडी बिळात खोल सारायची आणि तोंड चिखलानं बंद. उघड्यावर एक दाणा राहता कामा नये. याला उतारा नाही, लेकराबाळांपासून लांब ठेवा.

४. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी फेरी मारून मेलेले उंदीर फावड्यानं उचलायचे आणि खोल पुरायचे. उकिरड्यावर टाकायचे नाहीत.

५. टाकायच्या आदल्या दिवशी चारी बांधांच्या शेजाऱ्यांना फोन. त्या दिवसांत मांजरांना दोन वेळच्या ऐवजी तीन वेळ, आणि रात्री शेडमध्ये कोंडायचं.

कृषी विभागातले मित्र म्हणतील की झिंक फॉस्फाइडनंतर उरलेल्या उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनची शिफारस असते. बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की जिथं मांजर किंवा गव्हाणी घुबड आहे, तिथं ते उघड्या वड्या टाकून वापरू नका, बिळात घालून बीळ बुजवा आणि मेलेले उंदीर उचला. घुबडही तेच सुस्त उंदीर खातं आणि तसंच मरतं. फुकटची राखण मारून विकतचं औषध कशाला?

राहिला मांजरं वाढण्याचा प्रश्न. खायला घालणाऱ्यानं हे टाळून चालत नाही. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षाला दोन-तीन वेळा पिल्लं होतात. वाटी चालू आणि नसबंदी नाही, तर दोन वर्षांत आखाड्यावर मांजरांची जत्रा भरेल. मग कुणीतरी परत पोतं आणेल. काळीच्या तिन्ही पिल्लांची, सोनी, ढवळी आणि गोट्या, सहा महिन्यांची झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन नसबंदी केली. न्यायला टोमॅटोच्या दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून दोरीनं बांधल्या, आत गोणपाट. उत्तम पिंजरा होतो. डॉक्टर सांगतील तेवढा वेळ उपाशी ठेवायचं आणि नंतर आठवडाभर कोरड्या खोलीत.

सोबत रेबीजची लस. तीन महिन्यांच्या पुढं पहिली आणि मग डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असा समज आहे, मांजरापासूनही होतो. पाटील नावाचा एक फाटक्या कानाचा पिवळा बोका अधूनमधून येतो. चावडीवर बसल्यासारखा हौदावर बसतो, म्हणून लेकीनं ठेवलेलं नाव. त्यानं एकदा तिला ओरबाडलं, रक्त आलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतलं, आणि तसंच सरकारी दवाखान्यात नेऊन लसीचे सगळे डोस पूर्ण केले. हळद, चुना, तिखट काहीही जखमेत भरू नका. पाटील अजून कॅरेटमध्ये शिरलेला नाही. माशाचं मुंडकं लावून प्रयत्न चालू आहेत.

आता हिशेब. काळी आली त्या वर्षी आमचे चौदा कट्टे फुटले होते. गेल्या हंगामात दोन. याचं सगळं श्रेय मी मांजरांना देणार नाही. थप्पी फळ्यांवर घेतली, दाराखालची फट पत्र्यानं बंद केली, तात्यांबरोबर एकाच वेळी बिळांवर काम केलं, हे सगळं त्यात आहे. पण साफ केलेलं शेड साफ राहिलं ते या तिघांमुळं, असं माझं निरीक्षण आहे. साप शेडजवळ येणारच नाही असं मी म्हणत नाही, मांजर त्याची हमी देत नाही. आई मात्र आता म्हणते की रात्री खुडबुड ऐकू येत नाही, आणि ती निवांत झोपते.

आई हिशेब ठेवत नाही. उंदीर धरला काय नाही काय, तिची वाटी ठरलेली. ढवळीला गेल्या पावसाळ्यात पायाला लागलं होतं, महिनाभर तिनं एक उंदीर धरला नाही. मी सहज म्हणलं, हिला फुकट पोसतोय आपण. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "म्हातारा बैल दावणीला होता तेव्हा तुझा बाप असं म्हणला होता का?" मी गप बसलो.

यंदाचा ऊस पुढच्या महिन्यात तुटणार आहे. तात्यांचा कालच फोन आला, बिळं कोणत्या दिवशी बुजवायची ते ठरवायला. तुमच्याकडं ऊस लागून असेल तर तुम्हीही शेजाऱ्याला आत्ताच फोन करा, तोडणी झाल्यावर नको. आणि कुणी शेतात गव्हाणी घुबडासाठी पेटी लावली असेल, तर घुबड राहायला आलं का, किती दिवसांनी आलं, पेटी किती उंचीवर लावली, हे नक्की लिहा. बांधावरच्या लिंबाला एक लावायचा विचार आहे. फक्त पाटलाला तिथवर चढता येणार नाही असं काहीतरी करावं लागेल.

राम राम.